घड्याळातले ठोके आणि छातीवरचं दडपण

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 44. रोज सकाळी पळतो. पळायला लागल्यावर थोड्याच वेळात घड्याळ नाडी 178 दाखवतं, पण तेव्हाही मी सोबत्यांशी आरामात गप्पा मारत असतो. हल्ली चढावर मात्र छातीत दडपल्यासारखं होतं, थांबलो की जातं. घड्याळातला ईसीजी नॉर्मल आहे. घड्याळ बदलू का?

उत्तर : घड्याळाचं नंतर बघू. माझ्याकडे येणारे बरेच खेळाडू आधी मोबाइल पुढे करतात. मी आधी विचारते, चढावर काय होतं? श्रम केल्यावर छाती दडपणं आणि थांबल्यावर मोकळी होणं, हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. दोन-चार दिवसांतच हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. तोवर पळणं बंद, कृपा करून.

घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा, 30 सेकंदांचा, तोही स्वस्थ बसून काढलेला. एट्रियल फिब्रिलेशनसारखी बिघडलेली लय त्यात सापडू शकते. पण चढावर हृदयाला रक्त कमी पडत असेल, तर ते बसल्या जागी दिसणार कसं? दवाखान्यातला 12 लीडचा ईसीजीसुद्धा अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करायला लावून हृदयाची तपासणी, करतात.

आता 178. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो, त्यावरून ठोके मोजतं. पट्टा सैल असला, हात हलत असला की ते फसतं आणि चक्क पावलं मोजू लागतं. पळताना मिनिटाला 160 ते 180 पावलं सहज पडतात. 220 वजा वय या ढोबळ हिशेबाने तुमची कमाल नाडी 176. तिथे गप्पा सुचत नाहीत. तरीही लय खरोखर बिघडली नसेलच असं नाही, तेव्हा हे आकडे डॉक्टरांना दाखवा. पुढे पळायची परवानगी मिळाली, तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युतसंकेतच टिपतो.

सोबत्यांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकायला सांगा. 12 जून 2021 ला युरो चषकाच्या सामन्यात कोसळलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावरच्या सीपीआरमुळे आणि विजेचा झटका देऊन हृदयाची लय सावरणाऱ्या डिफिब्रिलेटरमुळे वाचला.

आणि दडपण थांबल्यावरही पाच मिनिटांत गेलं नाही, हाताकडे-जबड्याकडे सरकलं किंवा दरदरून घाम फुटला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.