नवा कृत्रिम पाय बसलाय? पावलं मोजताना आधी एवढंच बघा

पाय बसला आणि लगेच पावलं मोजायची हौसही आली, हे झकास! सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. ते हाताच्या हेलकाव्यावरून पावलं ओळखतं. काठी किंवा वॉकर धरलेला हात फारसा हलत नाही, आणि हळू चालताना तर बरीच पावलं सुटतात. यंत्र कृत्रिम पायाच्या घोट्याला बांधा. तिथे ते बहुधा त्या एकाच पायाची पावलं धरतं. दुप्पट करायची की नाही ते एकदा ठरवा, मग बदलू नका. घरातच मोठ्याने मोजत ५० पावलं टाका आणि आकडा ताडून पाहा. ओट्यापाशी आपण सरकतो तशी छोटी पावलंही टाकून बघा, गफलत तिथेच होते.

२. आठवड्याची सरासरी धरा. बाजाराचा दिवस आणि पावसाचा दिवस सारखे नसतात.

३. आकड्याशेजारी लिहा: पाय किती तास घातला, स्टंपवर (पायाच्या उरलेल्या भागावर) मोजे किती चढवले, कुठे दुखलं. संध्याकाळपर्यंत स्टंप आक्रसून सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप ज्यात बसतो तो भाग) सैल होतं, चाल मंदावते.

रोज दहा हजार पावलांचं खूळ मात्र सोडा. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रुळला. तुमची तुलना तुमच्याच मागच्या आठवड्याशी.

पाय काढल्यावर कातडीवरचा लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, तर मोजणी राहू द्या, पाय बनवणाऱ्याला दाखवा.

वेग, लय वगैरे पुढच्या महिन्यात बघू.