रिपोर्ट सुधारला, तरी बाबा खुर्चीतच

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, हार्ट फेल्युअर आहे. ईएफ २८ होता तो आता ४० आलाय, डॉक्टर खूश आहेत. पण बाबा दिवसभर खुर्चीत बसून, कुणाकडे यायला तयार नाहीत, रात्री झोप नाही, चिडचिड. आम्ही कुठे कमी पडतोय का?

उत्तर: नाही हो, तुम्ही कमी पडत नाही आहात. ईएफ म्हणजे हृदय भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, औषधं ठरवायला लागतोच, पण माणसाचा दिवस कसा जातोय ते त्यात दिसत नाही. ईएफ नॉर्मल असून अंघोळीला धाप लागणारे असतात आणि ३० असून रोज फिरायला जाणारेही असतात.

मला आधी बाबांच्या मनाची काळजी वाटते. या आजारात साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन असतं आणि घरी सगळे म्हणतात वय झालं. थकवा, झोप उडणं, भूक मरणं हे डिप्रेशन आणि हार्ट फेल्युअर दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं, तेव्हा पुढच्या भेटीत तुम्हीच विषय काढा. समुपदेशनाने फरक पडतो, खासकरून सीबीटीने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने.

आयर्नही तपासून घ्या, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन्ही रक्ततपासण्या. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी जवळपास निम्म्या पेशंटचं आयर्न कमी निघतं आणि इथे गोळ्यांचा फार उपयोग होत नाही, शिरेतून द्यावं लागतं, मग बऱ्याच जणांना चालताना बरं वाटतं.

झोपेबद्दल नीट विचारा. आडवं झालं की धाप लागते, उशा वाढवाव्या लागतायत, तर अंगात पाणी साठत असेल, ते डॉक्टरांना लगेच सांगायचं. घोरताना श्वास थांबत असेल तर स्लीप ॲप्निया बघायला हवा. आणि नुसतं लघवीलाच उठत असतील तर लघवी वाढवणाऱ्या, अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीची वेळ बदलता येते का विचारा. खरं सांगू का, बाहेर न जाण्याचं कारणही कित्येकदा हीच गोळी असते, वाटेत लागली तर काय करू, आणि हे मुलांना सांगायचीही लाज वाटते. बाहेर जायच्या दिवशी ती घरी परत आल्यावर घेतली तर चालेल का, एवढं विचारलं तरी त्यांचा अर्धा घोर जाईल.

आणि त्यांच्या हातातली कामं काढून घेऊ नका. प्रेमापोटीच करतो आपण, पण त्याने माणूस आणखी बसतो. आजार स्थिर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर रोज थोडं थोडं चालू दे. २००९ मध्ये एचएफ-ॲक्शन नावाचा २,३०० हून जास्त पेशंटचा अभ्यास आला, त्यात व्यायाम करणाऱ्यांचं जीवनमान थोडंच सुधारलं पण ते टिकलं.

रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा, तीन दिवसांत २ किलो वाढलं तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, फोन करा. गुडघे दुखतायत म्हणून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नका, त्याने शरीरात पाणी साठतं.