स्टिअरिंग मधूनच जड होतं, पोझिशन सेन्सरचा (स्टिअरिंग किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) एरर कोड येतो. सेन्सरच गेलाय हे कसं ओळखायचं?

कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. आधी बॅटरी बघा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर भरपूर करंट ओढते. बॅटरी कमजोर किंवा अर्थिंग सैल असेल तरी असे खोटे कोड येतात. इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत.

मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे सेन्सरच्या चालू आकड्यांत, स्टिअरिंगचा कोन बघा. चाकं सरळ असताना आकडा शून्याच्या जवळपास हवा. आता स्टिअरिंग अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. ठरावीक जागीच तो उडी मारत असेल, गोठत असेल, तर सेन्सरवर संशय पक्का. आकडा सलग बदलतोय पण सरळ चाकांना 8-10 अंश दाखवतोय, तर बहुधा सेन्सर ठीक आहे; अलाइनमेंट तपासून शून्य कॅलिब्रेशन (सरळ चाकांना शून्य धरायला लावणं) करून घ्या.

उडी दिसली तरी कॉलमखालचं (स्टिअरिंगच्या दांड्याखालचं) कनेक्टर हलवून बघाच. वायर हलवल्यावर आकडा नाचला तर दोष वायरिंगचा. बऱ्याच गाड्यांत सेन्सरला 5 व्होल्टचा सप्लाय असतो, तो मल्टिमीटरने मोजा. सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही नीट असूनही सिग्नल तुटत असेल, तरच सेन्सर बदला. काही गाड्यांत तो सुटा मिळत नाही, अख्खा कॉलमच घ्यावा लागतो, म्हणून एवढी खात्री हवी.

कॉलम उघडण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबा, तिथेच एअरबॅग असते. आणि स्टिअरिंग अचानक जड होत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.