बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 900 आहे. घरात यूव्ही मशीन (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) बसवावं का, आणि त्याची देखभाल कशी करायची?

आधी पाणी तपासा, मग बसवा. पण वरचेवर उघडून साफ करणं होणार नसेल तर पैसे घालू नका. "निळा दिवा जळतोय म्हणजे पाणी शुद्ध" असं मानणाऱ्याच्या घरी मी जेवलोय आणि भोगलंय.

माझा धंदा मोटार वायंडिंगचा, लातुरात. चोक, होल्डर, ट्यूब यातच हयात गेली. यूव्हीची नळी म्हणजे जुन्या ट्यूबलाईटची सख्खी बहीण. दोन्हीत पाराच, आणि त्यातून निघणारा मुख्य किरणही तोच, 254 नॅनोमीटरचा. ट्यूबलाईटला आतून पांढरी पावडर असते, ती त्या किरणाचा उजेड करते. यूव्हीच्या नळीत पावडर नसते आणि काच क्वार्ट्झसारखी खास असते, कारण साध्या काचेतून तो किरण बाहेर पडतच नाही. तो जंतूंच्या डीएनएवर पडला की त्यांची पैदास थांबते. पण आपल्याला दिसतो तो निळा उजेड म्हणजे हा किरण नव्हे. कामाचा किरण डोळ्याला दिसत नाही. नळी साधारण 9000 तास, म्हणजे सलग चालू ठेवली तर वर्षभर कामाची. त्यानंतर निळी जळत राहते, पण जंतू मारायचा दम कमी झालेला असतो.

हे मी आमच्या दाजींना चारचौघांत सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू मोटारी भर, पाण्याचं मला शिकवू नको." दाजीच ते, अक्काच्या तोंडाकडं बघून गप्प बसलो.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्याकडं ज्याच्या त्याच्या दारात बोअर. दाजींच्या हौदात बोअर, नळ, टँकर सगळं एकत्र. भादव्यात महालक्ष्म्यांना आम्ही सगळे त्यांच्याकडं. पाऊस लागलेला, पाणी गढूळ. आंबील माझ्या बायकोनं केली होती. दुसऱ्या दिवशी घरभर जुलाब, अक्काला तर सलाईन लावावं लागलं. आणि दाजी पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटले, "आंबील नासली होती." अहो, त्यांच्या जावयानं आंबिलीला हातसुद्धा लावला नव्हता, पथ्य होतं त्याचं. तरी तो सगळ्यांच्या आधी आडवा!

मी हत्यारं घेऊन गेलो. मशीन पोटमाळ्याच्या फळीखाली असं ठोकलेलं की नळी वर ओढायला वीतभर जागा नाही. म्हणजे बसवल्यापासून कुणी उघडलेलंच नव्हतं. भिंतीवरून अख्खं उतरवलं. स्टीलच्या नळकांड्यातून क्वार्ट्झची बाही, म्हणजे नळीभोवतीचं काचेचं आवरण, काढली तर तिच्यावर क्षाराचा पांढरा थर, मधे तांबूस पट्टे. नखानं खरवडलं तर चुरा पडला. आत दिवा जळत होता, बाहेर पाण्यापर्यंत किती पोचत होता ते देवालाच माहीत. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडं असते ती एच टू एसची बाटली (पाण्यात जंतू असले की काळी पडते) ओळखीच्या माणसाकडून आणली आणि मशीनमधून निघालेलं पाणी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी काळी. दाजी म्हणाले, "बाटली जुनी असंल." आता बोला.

तर तुमचं. मशीन उभं लावा, पाणी खालून आत, वरून बाहेर. डोक्यावर नळकांड्याच्या लांबीएवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर दाजींसारखं होईल. आधी गाळ अडवणारा स्पन फिल्टर (5 मायक्रॉनचा), मग कार्बन, सगळ्यात शेवटी यूव्ही. गढूळ पाण्यात किरण शिरतच नाही, म्हणून पावसाळ्यात स्पन लवकर बदलायचा. मशीनवर लिहिलेल्या लिटरपेक्षा जास्त धार सोडायची नाही, कारण पाणी जेवढं पळतं तेवढा त्याला किरण कमी मिळतो. लाईट गेल्यावर पाणी आपोआप बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेलंच घ्या. आमच्याकडं लाईटीचा भरवसा नाही, आणि वरच्या टाकीचं पाणी लाईटीसाठी थांबत नाही. लाईट आल्यावरही पहिलं मिनिट-दोन मिनिटं पाणी घेऊ नका, नळी तापायला वेळ लागतो.

आपल्या जड पाण्यात बाही दोन-तीन महिन्यांनी तरी काढून बघावी. प्लग काढायचा, पाणी बंद करायचं, नळी गार होऊ द्यायची. किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात घालून त्यात बाही भिजवायची आणि मऊ फडक्यानं पुसायची. तारेची घासणी लावली की ओरखडे पडून बाही गेली समजा. नळीच्या काचेला बोटं लावायची नाहीत, टोकाला धरायची. रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला, ती काही महाग नसते. जळत्या नळीकडं उघड्या डोळ्यांनी बघू नका, डोळ्यांना इजा होते. मेकॅनिक वर्षाला येऊन "सगळं ओके" म्हणून पावती फाडतो, त्यावर विसंबू नका. बाही त्याला तुमच्यासमोर काढायला लावा. अर्थिंग तपासलं का तेही विचारा.

यूव्हीमधून निघाल्यावर पाण्यात जंतू मारणारं काही उरत नाही. टीसीएलचा (ब्लिचिंग पावडरचा) क्लोरीन पाण्याबरोबर राहतो, हा किरण राहत नाही. म्हणून ते पाणी रांजणात भरून त्यात हात घालून तांब्या बुचकळला तर सगळं मुसळ केरात. अक्काला मी तोटीचं पिंप नेऊन दिलं, दाजींनी त्यात ज्वारी भरली.

टीडीएसचं राहिलंच. यूव्हीनं तो एकानंही कमी होत नाही. सरकारी मानकात 500 पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतं, त्यामुळं नुसत्या 900 च्या आकड्यासाठी आरओ (पडद्यातून गाळून क्षार काढणारं मशीन) लावून गाळल्यापेक्षा जास्त पाणी मोरीत सोडायला माझा जीव धजत नाही. मात्र लिटरमागं फ्लोराईड 1.5 मिलिग्रॅमच्या किंवा नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर यूव्हीचा काही उपयोग नाही, मग आरओ घ्याच. तो आकडा टीडीएस मीटरवर कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत बोअरचा नमुना द्या, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत कुठलंच मशीन घेऊ नका.