कोंबड्यांना खूण: रिंग वयाप्रमाणे घाला, दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही

प्रश्न: माझ्याकडे एकाच रंगाच्या सव्वाशे कोंबड्या आहेत. कोणती अंडी देते आणि कोणती नुसती खाद्य खाते, ते कळत नाही. दुकानदाराने एकाच मापाच्या रिंगा दिल्या. पिलांनाही आत्ताच घाला, पुन्हा बघावे लागत नाही, असे तो म्हणाला. आता चार पिलांचे पाय सुजलेत, तर अँटिबायोटिक द्या म्हणतो. काय करावे?

उत्तर: आधी त्या रिंगा कापा. आजच, आणि फक्त चार पिलांच्या नाही, सगळ्या पिलांच्या. पहिल्या काही आठवड्यांत पिलाच्या पायाची नळी (पंज्याच्या वरचा, रिंग बसते तो भाग) झपाट्याने जाड होते, रिंग मात्र तेवढीच राहते. ती कातडीत रुतते, खालचा रक्तपुरवठा तुटतो आणि पंजा काळा पडतो. रिंग पायात ठेवून अँटिबायोटिक देणे म्हणजे पैसे आणि पिलू दोन्ही घालवणे. काही पाय सुजले म्हणून अख्ख्या कळपाच्या पाण्यात औषध तर अजिबात टाकू नका. रिंग काढल्यावर जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसा. जखम खोल असेल किंवा पंजा थंड लागत असेल तर पशुवैद्यकाला दाखवा. औषध द्यायचे की नाही आणि किती, हे तो ठरवेल, दुकानदार नाही.

लहान पिलाला ‘एकदा घाला आणि विसरा’ अशी रिंग चालत नाही. पिलाला रिंग घातलीच, तर दर आठवड्याला पाय हातात घेऊन बघायचे आणि माप बदलायचे. एवढे जमणार नसेल तर घालू नका.

माझे सांगणे असे: तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) सोळा-अठरा आठवड्यांच्या झाल्या, नळी भरली, की उजव्या पायात नंबरची रिंग आणि डाव्या पायात स्प्रिंगसारखी प्लॅस्टिकची रंगीत रिंग घाला. रंगावरून तुकडीचे वर्ष लांबूनच कळते, नंबर हातात धरून वाचायचा. रिंग नळीवर सहज फिरावी, थोडी वर-खाली सरकावी, पण पंज्यावरून निसटू नये. कोंबड्याला मोठे माप लागते, आणि पायामागचा काटा वाढताना रिंग त्यात अडकत नाही ना, तेही बघा. केबल टाय स्वस्त पडतो, पण तो मागे सरकत नाही आणि कापलेले टोक कातडी खरडते. टाळा.

पैदाशीसाठी पिलांचे आईबाप नोंदवायचे असतील, तर पहिल्या दिवशी पंखाच्या पुढच्या पातळ पडद्यात नंबरचा टॅग लावतात. शीर आणि स्नायू चुकवावे लागतात, म्हणून माहीतगाराकडूनच शिका. पंज्याच्या बोटांमधल्या पडद्याला भोक पाडण्याची रीतही आहे. दोन्ही पायांचे चार पडदे धरून सोळा वेगळ्या खुणा होतात. पण कातडीचा तुकडा पूर्ण निघाला नाही तर भोक बुजते आणि खूण जाते.

पिसांना रंगाचा स्प्रे मारणे तात्पुरत्या कामाचे. पिसे गळली की रंग गेला. लाल रंग नकोच, रक्त समजून बाकीच्या चोची मारतात. ऑइलपेंट तर पक्ष्याच्या अंगाला लावूच नका, कोणी कितीही टिकाऊ म्हणून सांगितले तरी.

रिंग घालायची वेळ संध्याकाळची, उजेड मंदावल्यावर. दुपारच्या उन्हात नाही, लस दिलेल्या दिवशी नाही, आणि कळप आजारी असताना तर नाहीच. कोंबडी एका पायाने उचलू नका, पंख दाबून अंगाशी धरा.

हातात आली आहे तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपा. मध्ये दोन-तीन बोटे मावली तर ती बहुधा अंड्यावर आहे, एकच मावले तर बहुधा नाही. नंबरापुढे लगेच लिहा. वहीत नंबर, जन्मतारीख, लसी, आजार आणि अंड्यांची स्थिती एवढे रकाने पुरतात. एका तपासणीवरून कोंबडी काढू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. पिसे गळतानाही अंडी थांबतात, ती कोंबडी निकामी नसते.

औषध चालू असलेल्या पक्ष्यांना एक वेगळा रंग राखून ठेवा. पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्यांची अंडी-मांस विकू नका, रिंगही काढू नका.

योजनेतले किंवा विम्याचे पक्षी असतील तर तिथला टॅग तसाच ठेवा, कागदावरचा नंबर जुळवून घ्या. मेलेल्या कोंबडीचा नंबर त्या तुकडीत दुसरीला देऊ नका.