कुकडीच्या काठी सुमात्राची राख

प्रश्न : आमच्या जवळच्या बोरी गावात कुकडी नदीकाठी पांढुरकी राख आहे. ती इंडोनेशियातल्या ज्वालामुखीची आहे, असं नातीला शाळेत सांगितलं. आपला अख्खा सह्याद्री ज्वालामुखीचा, मग राख तिकडची कशी?
– एक आजोबा, नारायणगाव

उत्तर : आजोबा, शाळेत सांगितलं ते बरोबर आहे. राख सुमात्रा बेटावरच्या टोबाची. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. बोरीची राख त्या पाषाणावर बसलेल्या नदीच्या गाळात मिळते, म्हणजे त्याच्यापुढे ती अगदीच पोरसवदा.

शिवाय दोघांची जातच निराळी. आपल्या पाषाणात सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, निम्म्याच्या आसपास. असा लाव्हा पातळ असतो, भेगांतून येऊन पसरत जातो. राखेतल्या काचेत सिलिका पाऊण हिश्शाच्या आसपास. असला शिलारस चिकट, त्यातला वायू कोंडून राहतो आणि शेवटी डोंगर फुटतो. चिमूटभर राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीत, तर फुटक्या बांगड्यांसारखे पारदर्शक, बाकदार तुकडे दिसतील. शिलारसातले बुडबुडे फुटले, त्यांच्या भिंतींचे हे तुकडे. तीन बुडबुडे जिथे चिकटले होते, तिथला तुकडा तीन फाट्यांचा. या काचेचं रसायन टोबाच्या खडकाशी जुळतं.

तीन हजार किलोमीटरांवरून ती आली कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. पावसाळ्यात खालचा वारा नैऋत्येकडून येतो, पण वर, ढगांच्याही माथ्यावर, तो पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. टोबाची राख त्या उंचीच्याही वर गेली होती. भारतात ती पडली थोडीच, पण पावसाच्या पाण्याने वाहून सखल जागी साचली, म्हणून काही ठिकाणी थर जाड दिसतो.

खरा वाद वेगळाच आहे. टोबा एकदाच फुटलेला नाही. सुमारे 12 लाख, 8 लाख, 5 लाख आणि 74 हजार वर्षांपूर्वी, असे त्याचे चार मोठे उद्रेक माहीत आहेत. शेवटचा सर्वांत प्रचंड, अंदाजे 2,800 घन किलोमीटर शिलारस बाहेर टाकणारा. इंडोनेशियातलाच तांबोरा 1815 मध्ये फुटला आणि 1816 साली युरोपात उन्हाळाच आला नाही. तो तांबोरासुद्धा यापुढे किरकोळ. मग बोरीची राख कुठल्या उद्रेकाची? आधी कुणी तिचं वय 14 लाख काढलं, नंतर कुणी 74 हजारांवर आणलं, अलीकडच्या रासायनिक तपासणीत 8 लाखांचा उद्रेक पुढे आला आहे. हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. तिथल्या गाळात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत आणि त्यांचं वय या राखेवरच टांगलेलं आहे. माझा कल 8 लाखांकडे आहे. तसल्या बोजड हातकुऱ्हाडी 74 हजार वर्षांपूर्वी कुणी घडवत बसलं असेल, हे पटत नाही.

74 हजारांची राख पाहायची तर आंध्रातल्या ज्वालापुरमला जा. तिथे राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली, आणि ती बरीचशी एकाच धाटणीची. त्यामुळे टोबाने माणूसजात जवळजवळ संपवली, हे जे ठोकून दिलं जातं, ते मला तरी अतिरंजित वाटतं.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त सुमात्रातल्या मेदान शहरात असतो, आम्हाला टोबा सरोवर दाखवणार आहे. ज्वालामुखी आता मेलेला आहे ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मेलेला नाही, झोपलेला आहे. शंभर किलोमीटर लांबीचं ते सरोवर म्हणजे उद्रेकानंतर खचलेली जमीन. मधलं सामोसिर बेट खालच्या शिलारसाच्या रेट्याने नंतर वर आलं, इतकं की एके काळचा तळाचा गाळ आज बेटाच्या उंच भागावर सापडतो. मोठ्या उद्रेकाची लक्षणं सध्या नाहीत, खुशाल जा. सरोवराच्या उत्तरेकडचा सिनाबुंग मात्र वेगळा, स्वतंत्र ज्वालामुखी. कित्येक शतकं गप्प होता, 2010 मध्ये जागा झाला आणि 2014 मध्ये त्याच्या तप्त राखेच्या लोटात माणसं दगावली. मेदानहून बेरास्तागीमार्गे जाणार असाल तर तो वाटेत दिसतोच. फोटो लांबूनच काढा आणि मनाई केलेल्या हद्दीत मुलाने कितीही आग्रह केला तरी शिरू नका.