मानेतल्या गाठीतून पाणी निघालं म्हणून ती साधी समजू नका

ताई, तुम्ही लिहिलंत: वडील 54 वर्षांचे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नाही, बिडी नाही. जबड्याखाली एका बाजूला गाठ. सुईने तपासली तर पिवळट पाणी निघालं, रिपोर्टात 'कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत', आणि आता टीबीच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्यात. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्या घरचे चार महिने याच वळणावर गेले. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे सगळं तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारा.

घोटाळा असा होतो. एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईच्या तपासणीत, पाणी ओढून घेतलं की गाठ त्याच दिवशी लहान होते. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू होतात आणि औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं. पाणी हळूहळू परत भरतं, तोवर कोणी घशात डोकावतही नाही. एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होणारा टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर बरेचदा असाच दिसतो: मूळ जागी बारीकसा, दुखत नाही, आणि मानेतली गाठ मात्र पाण्याने भरलेली. त्या पाण्यात पेशी फार थोड्या असतात, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. चाळिशीनंतर अशी गाठ साधी सिस्ट (पाण्याची पिशवी) आहे हे सिद्ध व्हावं लागतं, गृहीत धरता येत नाही. आपल्या विदर्भात तोंडाचा कॅन्सर म्हटलं की खर्राच आठवतो, त्यामुळे 'हे तर काही खात नाहीत' म्हणून शंका मागे पडते. माझ्या मते सगळ्यात महाग पडतं ते हेच वाक्य.

आता करायचं काय? सोनोग्राफीत बघत, पाणी सोडून गाठीच्या भिंतीतल्या घट्ट भागातून सुई किंवा कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढणं). टीबीची शंका असेल तर तीही तपासा, पण नमुना दोन डब्यांत घ्यायला सांगा: सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) सलाईनमध्ये, बायोप्सीसाठी 10 टक्के फॉर्मलिनमध्ये. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला तर टीबीचं कल्चर होतच नाही. ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून नाकाच्या मागे, टॉन्सिल आणि जिभेचं मूळ बघावं, जिभेचं मूळ बोटाने चाचपावंही. पेट स्कॅन करायचा ठरला तर घशातल्या बायोप्सीच्या आधी; नंतर केला तर जखमेचीच जागा चमकते. आणि घसा न बघता 'सिस्ट काढून टाकू' म्हणत मान उघडायला होकार देऊ नका.

बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर) आला तर पी16 लावायला सांगा; ही एचपीव्हीची खूण दाखवणाऱ्या प्रथिनाची रंग-चाचणी आहे. घशाच्या ट्यूमरमध्ये कमीत कमी 70 टक्के पेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत, ठळक रंग आला तर पॉझिटिव्ह. पण पी16 ही अप्रत्यक्ष खूण आहे. तंबाखूचं प्रमाण जास्त असलेल्या भागात ती कधी कधी फसवते, म्हणून जमल्यास एचपीव्हीची थेट चाचणी, डीएनए किंवा आरएनएची, करून घ्यावी. गालाच्या किंवा जिभेच्या पुढच्या भागाच्या कॅन्सरमध्ये पी16 वर पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

एकच कान बंद वाटणं, नाकातून रक्त, मानेच्या मागच्या बाजूला गाठ असं असेल तर नाकामागचा कॅन्सर आठवा. तो ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) शी जोडलेला असतो आणि बायोप्सीवर ईबर चाचणी, म्हणजे तुकड्यात हा विषाणू शोधणारी चाचणी, लागते. रक्तातल्या ईबीव्ही अँटिबॉडीवरून एकट्याने काही ठरत नाही, त्या बहुतेक मोठ्या माणसांत सापडतातच.

ब्लॉकबद्दल, म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपतात त्याबद्दल, सांगायलाच हवं. एका लॅबच्या खिडकीवर फक्त रंगवलेल्या स्लाइड मिळाल्या, मेणाचा ब्लॉक 'देत नाही' म्हणून परत पाठवलं. पुढच्या चाचण्या ब्लॉकवरून नवे काप घेऊनच होतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ब्लॉक देत नसतील तर न रंगवलेले काप मागा. मे महिन्यात ब्लॉक गाडीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हात बंद गाडीत मेण मऊ पडतं.

आईंना एवढं जरूर सांगा: एचपीव्ही शरीरात कित्येक वर्षं आधी शिरलेला असू शकतो, त्यावरून आज कोणावर संशय घेऊ नये.

गोळ्या सुरू झाल्या असतील तर मनाने बंद करू नका. टीबी नक्की कोणत्या रिपोर्टवरून ठरवला ते विचारा, आणि तो कागद नाव झाकून इथे टाका.